तेल बघितलं का?

मागच्या वीकेंडला इथे काहीच लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी मेल करून विचारलं, "काय रे, लग्न जमलं की काय?" नाही हो मंडळी, गाडी बंद पडली होती. ती बंद पडली याचा राग एक वेळ गेला असता. पण ज्या पद्धतीने ती 'दुरुस्त' होणार होती त्याचा अजून गेलेला नाही. त्यामुळे आजची पोस्ट चिडून लिहिलेली आहे, आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. श्रावणातला शनिवार. (श्रावणी सोमवारी गाडी घेऊन त्र्यंबकला जायचा विचारही करू नका. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला एवढी माणसं येतात की खासगी गाड्या अलीकडेच थांबवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं.) शुक्रवारी रात्री मी पुण्याहून नाशिकला घरी आलो होतो. सकाळी आई-बाबांना घेऊन निघालो. नाशिकपासून त्र्यंबकेश्वर जेमतेम तीस किलोमीटर. सातपूर, महिरावणी, अंजनेरी, सगळं मजेत. गावाच्या अलीकडे मात्र गाड्यांची रांग. अर्धा-पाऊण तास पावला-पावलाने पुढे सरकत होतो. त्यात दोनदा गाडीने सुटताना हिसका दिला. मी दुर्लक्ष केलं.

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अरे, गिअरचं तेल बघितलंस का कधी?"

मी हसलो. म्हणलं, "बाबा, या गाडीत तेल बघायचं नसतं. सगळं कॉम्प्युटर बघतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला पुढचा आठवडाभर ते गिळावं लागलं.

दर्शन झालं, जेवण झालं. आईला धबधबे बघायचे होते म्हणून जव्हारच्या रस्त्याला लागलो. तोरंगण घाटात पाऊस आणि धुकं. एका चढाच्या वळणावर गिअरचा आकडा लुकलुकायला लागला, इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे यायला लागली. मागे एक काळी-पिवळी जीप होती, वरपर्यंत भरलेली. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, हॅझर्ड लावले. आई काही बोलली नाही, पण तिने दाराचं हँडल असं घट्ट धरलं होतं की ते अजून डोळ्यासमोर आहे. अर्ध्या तासाने स्टार्ट केली तर गाडी साळसूदपणे चालायला लागली! कसंबसं वळवून त्र्यंबकला आलो.

गावात एक छोटं गॅरेज दिसलं. जीपवाल्यांच्या गाड्या करणारा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तेल बघितलं का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलकडे बघितलं.

त्याने बॉनेट उघडून तेलाची पट्टी शोधली. इंजिनची सापडली, गिअरबॉक्सची नाहीच. मग पोतं टाकून टॉर्च घेऊन तो खाली सरपटला आणि दोन मिनिटांनी काळं झालेलं बोट दाखवत बाहेर आला. चाकाकडे जाणारा दांडा गिअरबॉक्समधून जिथे बाहेर पडतो तिथे ओलं होतं आणि त्यावर धूळ बसून चिखल झाला होता. म्हणाला, "हे आजचं नाही साहेब. पण किती उरलंय ते माझ्याकडे मोजता येणार नाही. असंच नाशिकला चालवत नेऊ नका, टो करा." पैसे घेतले नाहीत.

आता थोडं तांत्रिक. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी दोन परिच्छेद सोडावेत, पण पुढे भांडण सुरू झालं की ते लागतील.

ड्युअल क्लच म्हणजे एकाच डब्यात दोन मॅन्युअल गिअरबॉक्स. एका क्लचवर १-३-५, दुसऱ्यावर २-४-६. तुम्ही दुसऱ्यात असताना तिसरा आधीच अडकवून ठेवलेला असतो. एक क्लच सोडायचा, दुसरा धरायचा, की बदलला गिअर. कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या आदोल्फ केग्रेस यांनी दुसऱ्या महायुद्धाआधी ती मांडली, १९८० च्या दशकात पोर्शेने ती रेसच्या गाड्यांत वापरली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फमधून ती रस्त्यावर आणली. आपल्याकडे पोलो जीटी टीएसआयने २०१३ मध्ये पोरांना तिची चटक लावली. यात दोन जाती आहेत, कोरडा क्लच आणि ओला क्लच. माझ्या गाडीचा ओला, सहा गिअरचा. (गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कॉमेंटमध्ये 'माझी तर मस्त चालते' सुरू होईल.)

ओल्या क्लचमध्ये तेच एक तेल तीन नोकऱ्या करतं. गिअरना वंगण देतं, घासून तापलेल्या क्लचना थंड करतं आणि दाबाखाली जाऊन क्लच दाबून धरतं, गिअर सरकवतं. म्हणजे हे नुसतं वंगण नाही, हा गिअरबॉक्सचा हात पण आहे. माझ्या गाडीत साधारण सात लिटर. आता त्यातलं लिटरभर गेलं तर काय होईल? सपाट रस्त्यावर काहीच नाही. चढावर, वळणावर, जोरात ब्रेक मारल्यावर तेल एका बाजूला जातं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. त्यामुळे दाब पडतो, क्लच घसरतो, घसरला की तापतो, आणि त्याला थंड करायला तेल कमीच आहे. मग कंट्रोलरला दिसतं की आत जाणारा वेग आणि बाहेर येणारा वेग जुळत नाहीत, आणि जीव वाचवायला तो क्लच सोडून देतो. अर्ध्या तासाने सगळं थंड झालं, फेस बसला, की गाडी ठणठणीत. त्र्यंबकच्या रांगेत हिसके, घाटात न्यूट्रल आणि नंतर साळसूदपणा, तिन्हीचं कारण एकच.

आता गंमत ऐका. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तापमान मोजायला सेन्सर आहेत, दाब मोजायला आहेत, दोन्ही शाफ्टचा वेग मोजायला आहेत, गिअरचे काटे किती मिलिमीटर सरकले ते मोजायलाही आहेत. तेल किती आहे हे मोजायला काहीच नाही! 'सगळं कॉम्प्युटर बघतो' म्हणे. आमच्या टीममध्ये कोणी असं मॉनिटरिंग लावलं असतं, सीपीयू बघतोय, मेमरी बघतोय, पण डिस्क भरत आली का ते बघत नाही, तर रात्री तीन वाजता मॅनेजरने त्याला उठवून सोलला असता.

तर गाडी टो होऊन नाशिकच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेली. चकाचक, कॉफी मशीन वगैरे. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"सर, मेकाट्रॉनिक गेलंय. पूर्ण युनिट बदलावं लागेल."

"कशावरून?"

"स्कॅनरवर कोड आलाय सर. क्लचचा दाब कमी."

"तेलाची लेव्हल बघितली?"

"सर, ते सील्ड असतं. लाइफटाइम."

रात्री जागून मी मॅन्युअल वाचलं होतं. म्हणलं, "मॅन्युअलमध्ये तर दर ६०,००० किलोमीटरला तेल बदला असं छापलंय. लाइफटाइम असेल तर बदलायचं कशाला?"

जरा शांतता. मग, "सर, तुमची ड्रायव्हिंग स्टाइल पण बघावी लागेल. त्र्यंबकच्या ट्रॅफिकमध्ये क्रीप करत गेलात ना?"

इस्टिमेट दीड लाखाच्या वर होतं. पण मी भडकलो ते आकड्याने नाही, त्या 'स्टाइल'ने भडकलो.

कारण हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल हजारो लोकांनी तक्रारी केल्या होत्या, गाडी थरथरते म्हणून. तो कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच. त्याच्या आजारांपैकी एक म्हणजे सीलमधून तेल पाझरून कोरड्या क्लचवर जाणं. कंपनीला दोष माहीत होते, तरी ग्राहकांना बऱ्याचदा सांगितलं गेलं की थरथर तुमच्या चालवण्यामुळे आहे. तिथला ग्राहक आयोग कोर्टात गेला आणि २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दंडाचं कारण गिअरबॉक्स वाईट होता हे नव्हतं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ज्या पद्धतीने वागवलं, त्यासाठी होता. मला हाच फरक फार महत्त्वाचा वाटतो.

आणि तेल म्हणजे क्षुल्लक गोष्ट असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी २०१३ चं उदाहरण. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डब्यात गिअरचं तेल सुमारे पावणेदोन लिटर आणि मेकाट्रॉनिकचं वेगळं, लिटरभर. गरम, दमट हवेत त्यातल्या सिंथेटिक तेलामुळे विजेचा पुरवठा बिघडून गाडी जागच्या जागी बंद पडू शकते हे लक्षात आलं, आणि जगभरात लाखो गाड्या परत बोलावून सिंथेटिकच्या जागी मिनरल तेल भरलं गेलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या गाडी कंपन्यांपैकी एकीचा उपाय काय होता? तेल बदला. आणि नाशिकमधला हा गृहस्थ मला सांगतो, तेल बघायचं नसतं.

आता दुसरी बाजू. पट्टी का काढली याला कारणं आहेत आणि ती सगळी खोटी नाहीत. लोक वाट्टेल ते तेल ओततात. झाकण उघडलं की कचरा जातो, आणि या वॉल्व्हना केसाएवढा कचराही चालत नाही. जास्त भरलं तरी तेल घुसळून फेस होतो, म्हणजे पुन्हा हवाच. शिवाय लेव्हल तापमानावर अवलंबून. माझ्या गाडीत ती बघायची पद्धत अशी: इंजिन चालू, गाडी अगदी सपाट उभी, तेल ३५ ते ४५ अंशांच्या मधे, आणि मग खालचा प्लग उघडायचा. आत एक प्लॅस्टिकची नळी उभी असते, तेल तिच्या वर असेल तर थेंब थेंब गळतं. काहीच गळलं नाही तर कमी आहे. हे घरी पार्किंगमध्ये करायचं काम नाही, मान्य.

पण मग ज्यांच्याकडे लिफ्ट आहे, स्कॅनर आहे, पगारी माणसं आहेत, त्यांनी तरी करा ना! वीस मिनिटांचं काम. ते न करता दीड लाखाचं युनिट बदलायला निघायचं, याला निदान म्हणत नाहीत. डॉक्टरने ताप मोजायच्या आधी किडनी बदलायला सांगण्यासारखं आहे ते. कोड म्हणजे लक्षण. 'कनेक्शन टाइम आउट' असा एरर आला म्हणून आपण सर्व्हर भंगारात काढतो का? आधी बघतो, वायर लागलीय का.

त्यात एक छुपी मेख आहे. माझ्या आधीच्या मालकाने ६०,००० ला तेल बदललं होतं. बिल माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंय 'गिअर ऑइल, ५ लिटर'. नेमके पाच, पाच बाटल्या. लेव्हल तपासल्याचा शब्द नाही. समजा गरम गाडीवर तपासली असती तरी फसली असती. तेल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण दहा हजारात सात भाग. सात लिटर तेल, चाळीसच्या ऐवजी नव्वद अंश, म्हणजे पाव लिटर जास्त दिसणार, आणि तेवढं जास्तीचं म्हणून बाहेर सोडून दिलं जाणार. इंजिन बंद ठेवून बघितलं तर कूलरमधलं आणि क्लचमधलं तेलही खाली उतरून येतं, अजून जास्त दिसतं, अजून सोडून देतात. म्हणजे सर्व्हिस करून गाडी कमी तेलाची होऊ शकते. माझी त्या दिवसापासून कमी होती की नंतर सीलमधून गेलं, हे आता सिद्ध करता येणार नाही. गाडी घेताना ते बिल बघून मी खूश झालो होतो, ही माझी अक्कल.

मग गाडी तिथून उचलली आणि सातपूरला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. त्या पोराकडे स्वतःचा लॅपटॉप आणि स्कॅनर. ३८ अंशांना प्लग उघडला. एक थेंब नाही. त्याने मलाच खाली बोलावून दाखवलं. सव्वा लिटर तेल गेल्यावर नळीतून पहिला थेंब पडला. सील बदललं, तेल भरलं, त्याच दिवशी बाबांना घेऊन अंजनेरीपर्यंत चक्कर मारली. सगळं मिळून बिल पाच आकड्यातसुद्धा गेलं नाही. क्लच थोडा भाजला असेल, तो किती दिवस चालेल हे तो पोरगाही सांगू शकला नाही, आणि सांगितलं नाही म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास आहे.

आता विचारा, त्र्यंबकच्या त्या गॅरेजवाल्याला हे का जमलं नसतं? डोकं होतं, नजर होती, पहिला प्रश्न बरोबर होता. त्याच्याकडे तापमान वाचायचं यंत्र नव्हतं आणि प्रक्रिया लिहिलेला कागद नव्हता. हे आपोआप झालेलं नाही. २०११ मध्ये दाखल झालेल्या एका तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. आरोप काय? सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. पुढे अपिलं वगैरे व्हायची ती झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल छान आहे हो. पण मला पोर्टल नको, मला एक पानभर माहिती हवी आहे: कुठलं तेल, किती, कुठल्या तापमानाला, कुठला प्लग. ती मालकाच्या पुस्तकात छापायला काय जातं? टायरमध्ये हवा किती भरायची ते दारावर चिकटवता ना?

'ड्रायव्हिंग स्टाइल'बद्दल पण बोलतो. रांगेत इंच इंच सरकण्यापेक्षा पुढच्या गाडीला जरा जाऊ द्यावं आणि मग क्लच पूर्ण धरेल एवढं अंतर एकदम जावं, चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, ब्रेक धरावा. हे खरं आहे आणि मी आता पाळतो. पण ही गाडी तुम्ही कुठे विकली? नाशिकमध्ये. नाशिकचा माणूस गाडी घेऊन त्र्यंबकला जाणार, श्रावणात जाणार, रांगेत अडकणार. २०२७ च्या सिंहस्थात काय होईल याची तर कल्पनाच नको. ती रांग ही 'स्टाइल' नाही, तो आमचा रस्ता आहे.

तुमची ड्युअल क्लच असेल आणि हिसके देत असेल तर प्रत्येक वेळी तेलच असेल असं नाही. कोरड्या क्लचचं दुखणं बऱ्याचदा वेगळं असतं, सॉफ्टवेअरचंही असतं. वॉरंटीत असेल तर बाहेर उघडूच नका. पण कधी होतं ते लिहून ठेवा, गरम असताना की थंड, सरळ की वळणावर. मोठं काहीही बदलायच्या आधी लेव्हल कुठल्या तापमानाला बघितली हे विचारा आणि 'मला दाखवा' म्हणा. जॉब कार्डवर लिहून घ्या. 'सील्ड असतं' म्हणाले तर विचारा, मग सील गळलं की नाही हे तुम्हाला कळतं कसं?

बाबांनी सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं टर्नर म्हणून काढली. त्यांच्या लेथच्या हेडस्टॉकला एक गोल काच होती, त्यातून आतलं तेल दिसायचं. शिफ्ट सुरू झाली की आधी काच बघायची, मग बटण. काचेची किंमत किती असेल? मी विचारलं तर म्हणाले, "काच फुटली तर स्टोअरमधून लगेच मिळायची, चिठ्ठीसुद्धा लागायची नाही."

हा आठवडा मी घरूनच काम करतोय. बाबांनी गाडीखाली एक पुठ्ठा टाकलाय, रोज सकाळी ओढून बघतात. आज कोरडा होता. आईचे धबधबे राहिलेत, उद्या परत तोरंगणला जायचं म्हणतोय. ती म्हणतेय, एसटीने जाऊ. :-)